डुकरांची रेषा

पेलेनातो मास्तरांना आयुष्यात एकाच प्रश्नाची धास्ती होती, आणि तो दरवर्षी एकदा यायचाच. फळ्यावर दोन अक्ष काढून झालेले असत, दोन तिरक्या रेषा एकमेकींना छेदून गेलेल्या असत, त्यांच्या आतला भाग मास्तरांनी मोठ्या प्रेमानं रेघोट्यांनी भरलेला असे, आणि नेमकं तेव्हाच मागच्या बाकावरून कुणीतरी विचारी, "सर, याचा उपयोग काय?"

"परीक्षेत येतं," मास्तर सांगत.

या उत्तरावर आपिया शहरातल्या त्या कॉलेजात आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. पण मास्तरांचं स्वतःचं समाधान होत नसे. धड्याचं नाव रेषीय प्रायोजन. नावाला घाबरण्यात अर्थ नाही, आत सगळं साधं असतं. तुमच्याकडे सामान मोजकं आहे, त्यात दोन प्रकारच्या वस्तू बनवायच्या आहेत. एक प्रकार आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या. प्रत्येक सामानाची एक रेषा, आणि सगळ्या रेषांच्या आत राहायचं. जास्तीत जास्त नफा त्या आकाराच्या कुठल्या तरी कोपऱ्यावर बसलेला असतो. कोपरे एकेक करून तपासायचे. पहिला कोपरा अर्थातच जिथं दोन अक्ष मिळतात तो.

"शून्य, शून्य," मास्तर म्हणत. "नफा?"

"शून्य, सर," वर्ग एका सुरात ओरडे.

"मग खोडा आणि पुढं चला."

तीसेक वर्षं तो कोपरा असा खोडला गेला. मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात फुलांच्या माळा असताना एका मुलीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी परीक्षेचं नाव सांगण्याचा हक्कही मास्तरांकडे उरला नव्हता. ते गावी परतले ते हे खूळ डोक्यात घेऊनच.

गाव उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर. मास्तरांच्या घराण्याची समुद्रालगतची जमीन मोकळी पडून होती. तिथं पर्यटकांसाठी घरं बांधायची, असं ठरलं. घरं दोन प्रकारची. एक आपली साधी उघडी फाले, म्हणजे खांब, वर पानांचं छप्पर, खाली चटई आणि मच्छरदाणी. दुसरी बंद खोली, भिंती आणि न्हाणीघरासकट, कारण काही पर्यटकांना समुद्र बघायचा असतो, पण समुद्रानं आपल्याला बघितलेलं त्यांना चालत नाही. किती फाले आणि किती खोल्या, हे आलेख सांगणार होता. मास्तरांच्या दृष्टीनं घरं हे निमित्त होतं.

"आधी माझं स्वयंपाकघर," त्यांची बायको लांगी म्हणाली. घराच्या मागं स्वयंपाकाची खोपी होती, आणि तिच्या छपराचा पाण्याला आता काहीच विरोध उरला नव्हता. "दोन पावसाळे मी एका हातात पळी आणि एका हातात छत्री धरून रांधतेय, पेले. धूर डोळ्यांत आणि पाणी टोपात."

"नफ्यातून बांधू. फरशीचं. नळाचं."

"तुझ्या आलेखात ते कुठं आहे?"

"ते आलेखात नसतं, लांगी. ते आलेखातून निघतं."

लांगीनं छत्री उघडली आणि ती मागं निघून गेली. बाहेर लख्ख ऊन होतं.

मास्तरांनी प्लायवूडचा एक अख्खा तक्ता घेतला, त्याला पांढरा रंग दिला आणि तो अंगणातल्या पसरलेल्या विलायती फणसाच्या झाडाला टेकवून उभा केला. एवढ्या मोठ्या तक्त्यासाठी पट्टी कुठून आणायची, हा प्रश्न आला. मागच्या कुंपणाची एक लांब फळी अगदी सरळ होती. ती त्यांनी उपटली. कुंपणाला पडलेल्या फटीकडे त्या वेळी कुणाचं लक्ष गेलं नाही, मास्तरांचं तर नाहीच.

सिमेंट होतं शंभर गोण्या. आपियाहून ते शेजारच्या उइलीच्या बसमधून आलं. बस लाकडी, गाणी कर्कश, आणि त्या दिवशी सगळे उतारू गोण्यांवर बसून आल्यामुळे गावात उतरताना एकाच रंगाचे दिसत होते. बांधकामाला मासोए मिस्त्री ठरले. त्यांच्याकडे सत्तर दिवस होते, पुढं त्यांना शेजारच्या सवाई बेटावर चर्च बांधायला जायचं होतं. एका फालेला पाच गोण्या आणि पाच दिवस, एका खोलीला वीस गोण्या आणि दहा दिवस. खोलीचा नफा फालेच्या तिप्पट. मास्तरांनी लाल रेषा सिमेंटची ओढली, हिरवी मिस्त्रीच्या दिवसांची, आणि श्वास रोखून कोपऱ्याकडे पाहिलं. आठ फाले, तीन खोल्या. अपूर्णांक नाही, टिंब नाही. पुस्तकाबाहेरच्या जगानं पहिल्याच फटक्यात पूर्ण संख्या दिली म्हणून मास्तरांचे डोळे भरून आले.

आमच्याकडच्या घरांना भिंती नसतात, त्यामुळे अंगणात काही नवीन उभं राहिलं की ते गावाचंच असतं. क्रिकेट खेळणारे दोन गडी आले आणि आपला सामना कुठल्या रेषेवर आहे ते विचारून गेले. उइलीनं बस थांबवून, उतारूंसकट, तक्ता नीट पाहून घेतला.

"मास्तर, फाले आडव्या आणि खोल्या उभ्या का?"

"तशी पद्धत आहे."

"उद्या फालेवाल्या पर्यटकांना वाईट वाटेल. पैसे देऊन आडवं कोण पडेल?"

"झोपायलाच येतात ते," बसमधून कुणीतरी म्हणालं, आणि बस पुढं गेली.

संध्याकाळी पाद्रीबाबा आले. त्यांनी तक्त्याभोवती एक फेरी मारली, कारण मागच्या बाजूला काही लपवलं असेल तर तेही पाहिलेलं बरं. "सुरेख आहे," ते म्हणाले. "यात देवाचा हिस्सा कुठं दिसत नाही."

"तो नफ्यातून देणार, बाबा."

"म्हणजे तोही आलेखातून निघतो," लांगी मागून म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघराशेजारीच ठेव त्याला."

पुढचं काम परवानगीचं. आपियाच्या त्या कार्यालयात खिडकीपलीकडे सेउला बसली होती. मास्तरांचीच विद्यार्थिनी. तिनं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, पंखा मास्तरांकडे वळवला, आणि मग आदर बाजूला ठेवून अर्ज पुढं ओढला.

"एकूण किती, सर?"

"अकरा."

"दहाच्या वर गेलं की ते रिसॉर्ट होतं. त्याला वेगळा अर्ज. पाण्याचा अहवाल, वाळूचा अहवाल, आणि प्रवाळाचे फोटो, समोरून आणि बाजूनं."

मास्तरांनी तिथंच एका कागदावर दहाची रेषा ओढली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मग कोपरा येतो सहा आणि दोन तृतीयांश फालेवर. खोल्या तीन आणि एक तृतीयांश."

"एक तृतीयांश खोली म्हणजे काय, सर?"

"न्हाणीघर," रांगेतला मागचा माणूस म्हणाला.

"सर, अकरावीत मी अपूर्णांकात उत्तर दिलं होतं तेव्हा तुम्ही माझे दोन मार्क कापले होते. म्हणाला होतात, अर्धा माणूस कामाला येतो का?"

आपण शिकवलेलं एखाद्या मुलीनं इतकं लक्षात ठेवावं याचा अभिमान वाटावा की राग यावा, हे मास्तरांना ठरवता येईना. सेउलानं सात फाले आणि तीन खोल्या असं लिहून शिक्का मारला. सात आणि तीन हे उत्तर वाईट नव्हतं, पण ते कोपऱ्यावर नव्हतं, रेषेच्या मध्येच कुठंतरी टेकलं होतं.

मग मासोए मिस्त्री करार करायला आले. मिस्त्री देहानं भव्य आणि स्वतःविषयीच्या मतानं त्याहून. रीतीप्रमाणे आवाची, म्हणजे मुळांपासून केलेल्या मानाच्या पेयाची, वाटी फिरली, भाषणं झाली, मिस्त्रींनी आपल्या आजोबांनी बांधलेली घरं, त्यांच्या आजोबांनी बांधलेली घरं आणि त्या प्रत्येक घराच्या वेळी वाढलेलं जेवण यांचं वर्णन केलं. शेवटी ते म्हणाले, "दहा घरं. म्हणजे जेवणं दहा."

घर उभं राहिलं की मिस्त्रीच्या मानाचं जेवण होतं, त्यात निदान एक डुक्कर भाजलं जातं, हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तर स्वतः अशी असंख्य जेवणं जेवले होते. पण गणिताच्या पुस्तकात सुताराला जेवायला कुणी घालत नाही. तिथले सुतार वर्षानुवर्षं उपाशीपोटी टेबलं आणि खुर्च्या बनवत आलेले आहेत, आणि मास्तरांनी मांडणी पुस्तकाप्रमाणे केली होती.

"शेवटी सगळ्यांचं मिळून एकच मोठं जेवण केलं तर?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी वाटी खाली ठेवली. बसलेल्या सगळ्यांची नजर आपोआप रस्त्यापलीकडे गेली. तिथं उइलीच्या चुलत्याचं घर होतं, म्हणजे घराचे खांब होते. कैक वर्षांपूर्वी जेवणावरून मिस्त्री रुसून निघून गेला, आणि एकानं टाकलेलं काम दुसरा मिस्त्री हातात घेत नाही. आता त्या खांबांमध्ये कोंबड्या राहत होत्या. चुलते त्या विषयावर अजूनही बोलत नाहीत.

"मी आपलं गमतीनं म्हणालो," मास्तर म्हणाले.

"डुकरं आठ आहेत," लांगी म्हणाली. "आणि ती माझी आहेत."

ती खरोखरच तिची होती. त्या गळक्या खोपीत बसून, फणसाच्या साली, अळकुड्यांचे तुकडे आणि खवलेल्या नारळाचा चोथा यांवर तिनं ती वाढवली होती. "देईन," ती म्हणाली. "पण स्वयंपाकघर होणार असेल तर. एकेक डुक्कर मी मोजून देणार आहे, पेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी कुंपणाची फळी घेतली आणि तक्त्यावर तिसरी रेषा ओढली. निळी. फाले असो की खोली, प्रत्येकीला एक डुक्कर. रेषा पडली आणि मास्तर दोन पावलं मागं सरले. चार फाले, चार खोल्या. पुन्हा कोपरा, पुन्हा पूर्ण संख्या. पण त्यांना जास्त मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मिस्त्रीच्या दिवसांची हिरवी रेषा आता त्या कोपऱ्याला शिवतच नव्हती. मिस्त्रीचे दिवस कमी पडतील या काळजीनं ते महिनाभर झोपले नव्हते, आणि अडवणारी होती डुकरं. न्याहारी विसरून ते तक्त्यापुढं बसून राहिले. तीस वर्षं ज्या खोलीचं वर्णन करत आलो तिच्या आत आज पहिल्यांदा पाय ठेवला, असं त्यांना वाटलं.

"काय कळलं?" लांगीनं विचारलं.

"डुकरं कमी आहेत."

"हे कळायला तुला माझं कुंपण मोडावं लागलं?"

आपियाला जाऊन त्यांनी सेउलाकडून सात-तीनचं चार-चार करून घेतलं, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या गावी लांगीचे मामा वारले. मामा वयानं पिकलेले होते, त्यामुळे दुःख बेताचं आणि माणसं भरपूर. तीन डुकरं गेली. मास्तर मान खाली घालून प्रार्थनेला बसले होते. आठातून तीन गेली, पाच. पाचाची रेषा सिमेंटच्या रेषेला थेट उभ्या अक्षावर जाऊन भेटते. म्हणजे फाले एकही नको, पाच खोल्या. त्यांचं बोट नकळत चटईवर फिरू लागलं.

लांगीनं त्यांना कोपरानं ढोसलं. "रेषा घरी जाऊन सरकव."

मग चर्चमध्ये जिल्ह्याभरातून पाहुणे आले, आणि त्यांची सोय ज्या घरांकडे आली त्यांत मास्तरांचं घर होतं. दोन डुकरं. निळी रेषा तीनवर आली. मास्तरांच्या मनाला वाईट वाटत होतं, पण डोक्याला मजा वाटत होती, आणि या दोघांचा मेळ त्यांना बसत नव्हता. कारण तक्ता आता काही नवीनच सांगत होता. तीन डुकरांत तीन खोल्या होतात. त्यांना साठ गोण्या लागतात. उरलेल्या चाळीस गोण्यांनी नफ्यात दमडीची भर पडत नव्हती, उलट एक डुक्कर मिळालं तर एक अख्खी खोली उभी राहत होती. म्हणजे जादा सिमेंटची किंमत शून्य आणि डुकराची किंमत एक खोली. गावात कुणाकडे डुकरं जास्त आणि सिमेंट कमी आहे? उत्तर उघड होतं. पाद्रीबाबांकडे. आलेले पाहुणे डुकरं त्यांनाच देऊन गेले होते, आणि चर्चच्या आवाराची भिंत अर्धवट होती.

पाद्रीबाबांशी कुणी घासाघीस करत नाही. मास्तर त्यांच्या ओट्यावर बसले, हवेविषयी बोलले, मग म्हणाले, "बाबा, माझ्याकडे वीस गोण्या सिमेंट आहे, त्याचा मला काही उपयोग नाही. आणि तुमच्याकडे हल्ली डुकरं फार झाली आहेत, असं ऐकतो."

"फारच झाली आहेत," पाद्रीबाबा म्हणाले, आणि त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले. "देव तुमचं भलं करो."

रविवारी प्रार्थनेनंतर, नेहमीप्रमाणे, कुणी काय दिलं याचं वाचन झालं. "पेलेनातो आणि लांगी. सिमेंट. वीस गोण्या." चर्चभर पंख्यांची फडफड थांबली. एवढं दान त्या वर्षी कुणी दिलं नव्हतं. लोक वळून वळून पाहू लागले, उइलीच्या बायकोनं उइलीकडे असं पाहिलं की पुढच्या रविवारी त्याला आठ पत्रे द्यावे लागले. पांढऱ्या टोपीतली लांगी ताठ बसून सगळ्यांना हसून मान देत होती, आणि ओठ न हलवता तिनं विचारलं, "डुक्कर?"

चर्चमध्ये वाचलं गेलेलं दान परत सौद्यात आणता येत नाही. आलेखात चूक नव्हती, हे मास्तरांना तिला समजावून सांगायचं होतं, पण तोवर स्तोत्र सुरू झालं.

त्याच दुपारी, सगळा गाव जेवून आडवा झाला असताना, उरलेल्या तीन डुकरांना कुंपणातली फट सापडली. त्यांनी आधी सिमेंटच्या गोण्यांवरची ताडपत्री ओढून काढली, त्यात त्यांना रस वाटला नाही, म्हणून ती गावप्रमुखाच्या अळूच्या वावरात गेली. तिथं मात्र त्यांना रस वाटला. सोमवारी गावाची सभा बसली. डुकरांनी नासधूस केली तर मालकाला दंड होतो, आणि दंड डुकरांत असतो.

"कुंपणाची फळी कुठं आहे?" गावप्रमुखानं विचारलं.

"ती पट्टी आहे," मास्तर म्हणाले.

सभेत कुणी हसलं नाही, कारण तिथं हसायचं नसतं. पण मास्तर बाहेर पडल्यावर बराच वेळ मागून आवाज येत होता. ज्या माणसानं गावातल्या निम्म्या लोकांना बेरीज शिकवली, त्याला मान खाली घालून दोन डुकरं दोरीनं ओढत गावप्रमुखाच्या दारी न्यावी लागली. डुकरं खुशीत होती, वाट त्यांच्या ओळखीची होती.

उरलं एक. आणि ठरल्या दिवशी मासोए मिस्त्री आपली माणसं, आपली हत्यारं आणि आपली भूक घेऊन हजर झाले. काम सुरू करायला आलेल्या मिस्त्रीला पहिल्या दिवशी अळकुड्यांवर भागवणं शक्य नव्हतं. लांगी शेवटचं डुक्कर आणायला मागं गेली. मिस्त्री पोटभर जेवले, त्यांची माणसं जेवली, उइली बस थांबवून जेवला. जेवण संपलं तेव्हा निळी रेषा अक्षांच्या कोपऱ्यात जाऊन नाहीशी झाली होती.

आता मिस्त्रींना सांगायचं कसं? ते रागावून गेले तर पुन्हा या घराचं काम कुणीच घेणार नव्हतं. मास्तरांना एकच गोष्ट नीट सांगता येत असे. ते मिस्त्रींना तक्त्यापाशी घेऊन गेले आणि त्यांनी अख्खा धडा शिकवला. मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "यात मी कुठला?"

"ही हिरवी रेषा."

"सगळ्यात लांबची?"

"हो."

"म्हणजे मी लागतच नाही?" मिस्त्रींचा आवाज बदलला. त्यांच्या माणसांनी रस्त्यापलीकडच्या कोंबड्यांकडे पाहिलं.

मास्तर घाईनं म्हणाले, "म्हणजे, मिस्त्री, आमची अजून तुमच्यापर्यंत पोच नाही."

मिस्त्रींनी यावर विचार केला. ते त्यांना पटलं. किंबहुना हे आपल्याविषयी कुणीतरी आधीच रेषेनं काढून ठेवायला हवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "जमिनीत अजून खांब गेलेला नाही, तेव्हा काम टाकलं असंही होत नाही," ते म्हणाले. "डुकरं झाली की निरोप पाठवा. माझी रेषा तेवढी पुसू नका." आणि ते तृप्त मनानं सवाईच्या बोटीकडे गेले.

मास्तर आपियाला जाऊन सेउलापुढं बसले. "शून्य आणि शून्य," ते म्हणाले.

"शून्य बांधायला परवानगी लागत नाही, सर," सेउला हळूच म्हणाली. "पण अर्ज मागं घ्यायला लागते." तिनं तो अर्ज स्वतःच भरून दिला.

ते परतले तेव्हा पाऊस कोसळत होता. मागच्या खोपीत लांगी एका हातानं छत्री धरून चुलीवरचा कोको ढवळत होती. वारा एकदम फिरला, छत्री उलटी झाली आणि छपराचा उरलेला कोपरा पाण्यासकट टोपात आला. चूल विझली. लांगीनं छत्री सरळ करायचा प्रयत्न केला, मग ती खाली ठेवली आणि ओट्यावर बसून रडू लागली. ती आवाज न करता रडत होती, आणि ते मास्तरांना जास्त लागलं.

"आठ वाढवली मी," ती म्हणाली. "इथं बसून. या धुरात. एकही उरलं नाही, आणि एक वासासुद्धा उभा राहिला नाही."

मास्तर भिजत उभे राहिले. निळी रेषा येते कुठून, हे त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. ती या खोपीतून येत होती. साली इथल्या, चोथा इथला, हात हिचे.

लांगीनं डोळे पुसले. "एक विचारू? स्वयंपाकघर बांधलं तर डुक्कर लागतं?"

मास्तर उत्तर द्यायला गेले आणि थांबले. स्वयंपाकाच्या खोपीला कुणी जेवण घालत नाही. कधीच घातलेलं नाही.

"नाही," ते म्हणाले.

"मिस्त्री?"

"मिस्त्री त्याला हात लावत नाही. घरचे लोकच बांधतात."

"परवानगी?"

"नाही लागत."

"सिमेंट?"

"आहे. निम्म्या गोण्यांचा दगड झाला, पण बाकीच्या आहेत."

"मग हे तुझ्या आलेखात कुठं येतं, पेले?"

मास्तर तसेच पावसात झाडाखाली गेले. तक्त्यावरून पाणी ओघळत होतं, पण रंग पक्का होता. काहीही लागत नाही तो एकच कोपरा होता. शून्य फाले, शून्य खोल्या. त्यांनी सवयीप्रमाणे मनात विचारलं, नफा? आणि सवयीप्रमाणे मनातला सगळा वर्ग ओरडला, शून्य, सर. खोडा आणि पुढं चला, असं मात्र या वेळी त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फावडं उचललं. उइलीनं चर्चच्या पत्र्यांतून वाचलेले दोन पत्रे आणले आणि सल्ले मात्र बसभर आणले. मास्तरांच्या तळहातांना फोड आले, एक खांब तिरका गेला, फरशीचा उतार बाहेरच्याऐवजी आत झाला आणि ती पुन्हा करावी लागली. पण लांगी रोज दोघांना जेवू घालत होती, आणि जेवण चांगलं असल्यामुळे कुणी रुसून गेलं नाही. ज्या बाजूनं वारा येतो तिथं आडोसा हवा होता. एवढी मोठी वस्तू घरात एकच होती. तक्ता तिथं ठोकला गेला, रेषा आतल्या बाजूला. कुंपणाची फळी कुंपणात परत गेली.

दगड झालेल्या गोण्यांचं काय करायचं ते उइलीलाच सुचलं. त्याला डुकरांच्या गोठ्यात खाली घालायला दगडच हवे होते. ते नेले आणि बदल्यात दोन पिलं आणून सोडली, चर्चमध्ये काहीही वाचलं न जाता.

त्या संध्याकाळी पाऊस आला. धूर वरच्या फटीतून नीट बाहेर जात होता. लांगीनं दोन्ही हातांनी कोको ढवळला, दोन पेले भरले आणि तक्त्याकडे पाहत विचारलं, "खरं सांग. याचा उपयोग काय झाला?"

इतक्या वर्षांनी प्रश्न घरात आला होता, आणि परीक्षा कुठं जवळपास नव्हती. मास्तरांनी नीट विचार केला. "आपल्याला कोण अडवतंय ते कळतं."

"ते मी तुला रंग न लावता सांगितलं असतं."

"सांगितलं असतंस. मी ऐकलं नसतं."

लांगी हसली. तिनं चुलीतून एक विझलेलं लाकूड घेतलं आणि तक्त्यावर, एका अक्षावरच्या दोन या आकड्यापासून दुसऱ्या अक्षावरच्या दोनपर्यंत, कोळशानं एक रेषा ओढली. रेषा वाकडी होती. मास्तरांचा हात पट्टीसाठी शिवशिवला, पण ते बसून राहिले. मग तिनं एक खिळा घेतला, दोन अक्ष जिथं मिळतात तिथं ठोकला आणि त्यावर आपली कोरडी छत्री टांगली.